कृपादाने आणि परसेवा : चंदीगडच्या परिसरातून एक आढावा

ख्रिस्ती धर्मविचारात ‘कृपादान’ ही संज्ञा एका विशिष्ट सामर्थ्यासाठी योजली जाते : जे माणसाच्या कर्तबगारीचे बक्षीस म्हणून नव्हे, तर पवित्र आत्म्याच्या द्वारे केवळ कृपेने मिळते आणि जे इतरांच्या हितासाठीच वापरायचे असते. व्याख्येचा पूर्वार्ध सर्व पंथांना मान्य आहे. उत्तरार्धालाही कोणी उघड विरोध करीत नाही, परंतु व्यवहारात विसर पडतो तो नेमका त्याचाच. चंदीगड आणि त्याला खेटून वाढलेल्या मोहाली-पंचकुल्याच्या पट्ट्यात हा विसर विशेष जाणवतो. २०११ च्या जनगणनेत चंदीगडच्या साडेदहा लाख लोकसंख्येपैकी ०.८३ टक्के, म्हणजे नऊ हजारांच्या आत, लोक ख्रिस्ती होते आणि शेजारच्या पंजाबात हे प्रमाण १.२६ टक्के होते. तरीही रोगमुक्तीच्या सभांचे फलक आणि भविष्यवाणीची प्रक्षेपणे यांमुळे या लहानशा समाजाची सार्वजनिक ओळख दोन-तीन कृपादानांशीच जखडली गेली आहे. ज्या भूमीवर हे घडते आहे तिचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो, आणि ती साक्ष महाराष्ट्रातील केडगावच्या अनुभवाशी आश्चर्यकारकरीत्या जुळते.

नव्या करारात कृपादानांच्या याद्या चार पत्रांत आढळतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात ज्ञान, विद्या, विश्वास, निरोगी करणे, अद्भुत कार्ये, संदेश, आत्मे ओळखणे, अन्य भाषा आणि त्या भाषांचा अर्थ सांगणे अशी नऊ दाने येतात. त्याच अध्यायाच्या शेवटी दुसरी यादी येते आणि तिच्यात प्रेषित, संदेष्टे, शिक्षक यांच्या बरोबरीने ‘साहाय्य करणे’ आणि ‘व्यवस्था पाहणे’ ही दोन साधी कामेही मांडलेली दिसतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सेवा, शिक्षण, बोध, दानधर्म, पुढारीपण आणि दया यांचा समावेश आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात दाने म्हणजे शक्ती नव्हेत, तर माणसेच आहेत, म्हणजे प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक. पेत्राच्या पहिल्या पत्राने सगळी दाने बोलण्याची आणि सेवा करण्याची अशा दोनच गटांत वाटली असून दान मिळालेल्या माणसाला कारभाऱ्याच्या जागी बसवले आहे, मालकाच्या नव्हे. कोणतीही यादी दुसरीशी पूर्ण जुळत नाही, आणि त्यावरून या याद्या परिपूर्ण नसून उदाहरणादाखल दिलेल्या आहेत असा निष्कर्ष काढणे योग्य ठरते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग आणि कीर्तन यांच्या द्वारे मराठी ख्रिस्ती उपासनेला जो आवाज दिला, तो यांपैकी कोणत्याही यादीत नाही. पण त्याला कृपादान म्हणू नये असे म्हणण्याचे धाडस मराठी मंडळ्यांत कोणी करणार नाही.

करिंथकरांस पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने हा विषय कोणत्या प्रसंगी काढला हे पाहिल्याशिवाय या याद्यांचा रोख कळत नाही. करिंथ हे व्यापारी बंदर होते आणि तेथील मंडळीत श्रीमंत व गरीब एकत्र येत असत. अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाच्या वेळी सधन लोक आधीच जेवून घेत व गरीब उपाशी राहत याबद्दल पौल कठोर शब्दांत फटकारतो, आणि त्याला लागूनच कृपादानांचा विषय सुरू करतो. ज्या मंडळीत ताटावर भेदभाव होता, त्याच मंडळीत अन्य भाषा बोलण्यावरून, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने स्वतःला अपरिचित असलेल्या भाषेत किंवा उच्चारांत प्रार्थना करण्यावरून, बढाई मारली जात होती. म्हणून चौदाव्या अध्यायात त्याने घातलेले नियम अगदी व्यावहारिक आहेत : अन्य भाषा दोघांनी किंवा फार तर तिघांनी पाळीपाळीने बोलावी, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावे, आणि संदेष्ट्यांनी दोघा-तिघांनी बोलून झाल्यावर बाकीच्यांनी त्या बोलण्याची पारख करावी. ‘संदेश’ म्हणजे येथे नशीब सांगणे नव्हे; ऐकणाऱ्याची उभारणी, त्याला धीर आणि सांत्वन, असा त्याचा अर्थ पौल स्वतःच देतो. प्रीतीवरचा प्रसिद्ध तेरावा अध्याय लग्नसमारंभात वाचला जातो, पण मुळात तो या दोन अध्यायांच्या मध्ये बसवलेला असून दानांच्या वापराची कसोटी म्हणून लिहिलेला आहे.

ही दाने आजही मिळतात का, या प्रश्नावर प्रोटेस्टंट जगात मोठी दुफळी झाली. अमेरिकी धर्मशास्त्रज्ञ बेंजामिन वॉरफील्ड यांनी १९१८ च्या ग्रंथात अद्भुत दाने प्रेषितांच्या साक्षीवर शिक्कामोर्तब करण्यासाठी होती आणि त्या पिढीबरोबर ती थांबली अशी बाजू मांडली. पेंटेकॉस्टल पंथांनी, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी झालेल्या आत्म्याच्या अवतरणाचा अनुभव आजही घेता येतो असे मानणाऱ्यांनी, नेमकी उलट भूमिका घेतली. कॅथलिक धर्मसभेच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात मधला मार्ग स्वीकारला : दाने साध्या विश्वासी माणसांनाही मिळतात आणि ती कृतज्ञतेने स्वीकारावीत, पण असाधारण दानांच्या मागे उतावीळपणे लागू नये आणि त्यांच्या खरेखोटेपणाचा निर्णय जबाबदार अधिकाऱ्यांनी करावा. १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट अशा परंपरांचे लोक एकत्र आले असल्याने तिच्यात या विषयावर एकच ठाम सूत्र सापडत नाही, आणि हे वैगुण्य मानण्याचे कारण नाही. चंदीगडमध्ये सेक्टर १८ चे क्राइस्ट चर्च आणि सेक्टर १९ चे कॅथलिक कॅथीड्रल शेजारशेजारच्या सेक्टरांत उभे आहेत, तर पेंटेकॉस्टल मंडळ्या वसाहतींत, भाड्याच्या सभागृहांत आणि शहराबाहेरच्या मोकळ्या जागांत भरतात. वाद तत्त्वाचा दिसत असला तरी तो पुष्कळ अंशी जागेचा आणि वर्गाचाही आहे.

मराठी वाचकाने या प्रश्नाकडे केडगावमार्गे जाणे अधिक श्रेयस्कर ठरेल. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले आणि १८९६-९७ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातील केडगावच्या माळावर मुक्ती सदनाची वसाहत उभी केली; विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे सुमारे दोन हजार मुली व स्त्रिया राहत होत्या. १९०४ मध्ये वेल्समध्ये झालेल्या आत्मिक जागृतीची वार्ता ऐकून रमाबाईंनी १९०५ च्या आरंभी प्रार्थनेचा गट जमवला. प्रथम सत्तर जणी आल्या, जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली आणि जूनच्या अखेरीस ज्याला ख्रिस्ती इतिहासात ‘मुक्तीची जागृती’ म्हणतात ती सुरू झाली. मुलींनी मोठ्याने पापकबुली दिली, रडल्या, तासन्‌तास प्रार्थना केल्या, आणि पुढे अन्य भाषांत बोलण्याचे प्रकारही नोंदले गेले. लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावरील सभा, ज्यांना पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम मानण्याची प्रथा आहे, १९०६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाल्या. केडगाव त्याच्या जवळजवळ दहा महिने आधीचे आहे. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्रॅम्स यांनी या अनुभवावर १९०६ मध्ये लिहिलेले पुस्तक चिलीतील वालपराइसो येथे हूवर दांपत्याच्या हाती पडले आणि तेथील मेथॉडिस्टांतून दक्षिण अमेरिकेतील एक मोठा पेंटेकॉस्टल प्रवाह निघाला. महाराष्ट्राच्या एका दुष्काळी माळावरून जगाच्या धार्मिक इतिहासाला वळण मिळावे, ही गोष्ट मराठी शालेय पुस्तकांत अजून आलेली नाही, याची खंत वाटते.

परंतु केडगावचे खरे वैशिष्ट्य जागृतीच्या उत्कटतेत नसून तिच्यानंतरच्या दिनक्रमात आहे. अन्य भाषा हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची सर्वांसाठी अनिवार्य खूण असावी असा आग्रह अब्रॅम्स यांनी धरला नाही आणि रमाबाईंनीही तो लादला नाही. प्रार्थनेतून उठलेल्या मुलींचे जथे आसपासच्या गावांत गेले, आणि वसाहतीत शेती, दुभती जनावरे, विणकाम, स्वयंपाक, आजाऱ्यांची शुश्रूषा, अंध मुलींना ब्रेल शिकवणे ही कामे चालूच राहिली. वसाहतीतला छापखाना जवळून पाहण्यासारखा आहे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले, ते साध्या शिकलेल्या बाईला वाचता यावे हा त्यामागचा हेतू होता, आणि त्याचे खिळे जुळवण्यापासून पाने छापण्यापर्यंतची कामे मुक्तीतल्या स्त्रियांनी केली. ज्या मुली काही वर्षांपूर्वी दुष्काळात उपाशी सापडल्या होत्या, त्या खिळ्यांच्या पेटीसमोर उभ्या राहून उलट्या अक्षरांतून ओळी लावीत होत्या. काना-मात्रा-वेलांटीचे वेगवेगळे खिळे ओळखणे आणि ओळ सरळ ठेवणे हे काम डोळे व पाय दोन्ही थकवणारे असते. रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये निवर्तल्या तेव्हा भाषांतर पुरे झाले होते आणि ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. पौलाच्या दुसऱ्या यादीतले साहाय्य आणि व्यवस्था ही दोन दाने या छापखान्यात जितकी स्पष्ट दिसतात तितकी जागृतीच्या वृत्तान्तांत दिसत नाहीत.

चंदीगडचा परिसर या दृष्टीने केडगावच्या तोलाचा आहे. शहर नवे, स्वातंत्र्यानंतर आखलेले असले तरी त्याच्या भोवतीचा अंबाला, लुधियाना, सबाथू हा मुलूख ख्रिस्ती सेवेचा जुना प्रदेश आहे. आजच्या पंजाबी ख्रिस्ती समाजाचे मूळ मात्र आणखी पश्चिमेला, आता पाकिस्तानात असलेल्या सियालकोट जिल्ह्यात सापडते, जेथे चामड्याचा किरकोळ व्यापार करणारा, पायाने अधू आणि निरक्षर असा दित्त नावाचा दलित माणूस १८७३ मध्ये बाप्तिस्मा घेऊन मिशनऱ्यांच्या सल्ल्याविरुद्ध आपल्याच गावी परतला आणि काही महिन्यांनी घरच्यांना व शेजाऱ्यांना बरोबर घेऊन पुन्हा आला. तो सुवार्तिक होता, पण ही पदवी त्याला कोणी दिली नव्हती. त्याच्या फिरतीच्या धंद्याने त्याला गावोगावची दारे उघडी करून दिली होती. स्वभाव, धंदा आणि कृपा यांची अशी सांगड बसते तेव्हा नैसर्गिक गुण कोणता आणि आत्मिक दान कोणते, ही धर्मशास्त्रातली जुनी रेघ पुसट होते.

त्याच काळात अंबाल्यात प्रेस्बिटेरियन मिशनच्या शाळेत शिकवणारे आयरिश शिक्षक वेलेस्ली बेली १८६९ मध्ये तेथील कुष्ठरोग्यांच्या वस्तीत गेले आणि त्या दर्शनाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. बेली वैद्य नव्हते आणि रोगमुक्तीचा दावाही त्यांनी कधी केला नाही; त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचे औषधच नव्हते. त्यांच्याजवळ होती ती दया आणि ती दुसऱ्यांपर्यंत पोचवण्याची हातोटी. आयर्लंडला परतल्यावर त्यांनी मित्रमंडळींना जे पाहिले ते सांगितले, डब्लिनमधील पिम भगिनींनी वर्षाला तीस पौंड जमवण्याचे वचन दिले आणि १८७४ मध्ये आज ‘लेप्रसी मिशन’ म्हणून ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. रोमकरांच्या पत्रातली दया, दानधर्म आणि पुढारीपण ही तीन दाने येथे वेगवेगळ्या माणसांत विभागलेली असून कोणा एकाच्या ठायी ती एकवटली असती तर कदाचित इतके काम झालेही नसते. लुधियान्यात डॉ. एडिथ ब्राउन यांनी १८९४ मध्ये चार विद्यार्थिनी घेऊन ख्रिस्ती स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली, दायांच्या प्रशिक्षणाकडे विशेष लक्ष दिले, आणि आजचे लुधियान्याचे ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय तिच्यातूनच वाढले. निरोगी करण्याचे दान प्रार्थनेच्या क्षणापुरते असते असे मानणाऱ्यांना या उदाहरणाने विचार करायला लावले पाहिजे, कारण येथे ते दान पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित होत आले आहे.

साधू सुंदरसिंग यांचे उदाहरण याहून नाजूक आहे. लुधियाना जिल्ह्यातील रामपूर गावच्या शीख कुटुंबात १८८९ मध्ये जन्मलेल्या या तरुणाने १९०५ मध्ये सिमल्यात बाप्तिस्मा घेतला, सबाथूच्या कुष्ठाश्रमात काही काळ सेवा केली आणि भगव्या वस्त्रांत पायी फिरून हिमालयापासून सिलोनपर्यंत उपदेश केला. त्यांना दर्शने होत असत आणि अद्भुत गोष्टी त्यांच्या नावाशी जोडल्या गेल्या. स्ट्रीटर आणि अप्पासामी यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्यावरील ग्रंथात सिलोनमधला एक प्रसंग आहे : आजारी मुलासाठी साधूंनी प्रार्थना केली, तो बरा झाला, लोकांची रीघ लागली, आणि लोकांचे लक्ष ख्रिस्ताकडून आपल्याकडे वळते आहे हे ओळखून त्यांनी पुन्हा तसे न करण्याचा निर्णय घेतला. दान आपल्याजवळ असूनही ते आवरते घेणे हाही दानाचा वापरच आहे, आणि आजच्या चंदीगडला या एका निर्णयाची गरज इतर कोणत्याही चमत्कारापेक्षा अधिक आहे.

रोगमुक्तीच्या सभांना जाणाऱ्यांकडे तुच्छतेने पाहणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. तेथे येणारे बहुसंख्य लोक गरीब, पुष्कळदा दलित कुटुंबांतले असतात. घरात नशेच्या आहारी गेलेला तरुण मुलगा, डोक्यावर उपचारांचे कर्ज, आणि आपले नाव घेऊन कोणी प्रार्थना करते याचेच अप्रूप वाटावे असे एकाकी आयुष्य, हे त्यांचे वास्तव आहे. जुन्या मंडळ्यांनी त्यांना बसायला जागा दिली नसेल तर त्यांनी दुसरीकडे जाऊ नये असे सांगण्याचा हक्क त्या मंडळ्यांना उरत नाही. मात्र प्रश्न तिथेच संपत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये मोहालीच्या न्यायालयाने, स्वतःला संदेष्टा म्हणवणाऱ्या आणि मोठ्या सभा घेणाऱ्या एका पाद्र्याला २०१८ च्या बलात्काराच्या प्रकरणात जन्मठेपेची शिक्षा सुनावली. एका माणसाच्या गुन्ह्यावरून सर्व मंडळ्यांना दोषी ठरवता येत नाही, पण करिंथच्या पत्राने घालून दिलेली पारखीची पद्धत जिथे मोडते तिथे धोका कसा वाढतो हे त्यातून दिसते : बोलणारा एकच, इतर संदेष्टे नाहीत, त्याच्या शब्दाची पारख करण्याचा अधिकार कोणालाच नाही, हिशेब मागणारा पंच नाही, आणि प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास अशी समजूत. आत्मे ओळखणे हेही नऊ दानांपैकी एक आहे आणि ते मंडळीचे संरक्षण करणारे दान आहे. ज्या सभेत इतर आठ दानांचा गजर होतो आणि या एकाचा उच्चारही होत नाही, ती सभा पौलाच्या कसोटीवर अपुरी ठरते. याशिवाय औषधी व जादूटोणा उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा देशभर लागू आहे आणि ठरावीक आजारांवर चमत्कारी उपायांची जाहिरात करणे त्याने गुन्हा ठरते, ही गोष्ट पाळकांच्या प्रशिक्षणात शिकवली गेली पाहिजे.

शहरी, इंग्रजी शिकलेल्या मंडळ्यांत याच्या नेमकी उलट पद्धत रुजली आहे, ती प्रश्नावलीची. अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झालेल्या आणि पीटर वॅग्नर यांच्या १९७९ च्या पुस्तकाने लोकप्रिय केलेल्या या पद्धतीत सभासद पुष्कळ विधानांपुढे गुण भरतो आणि बेरजेवरून त्याचे दान ठरते. तिचा उपयोग नाही असे नाही. संकोची माणसाला आपल्याजवळ काही आहे हे कळायला ती मदत करते. पण प्रश्नावली माणसाची आवड मोजते, गरज मोजत नाही, आणि नव्या करारातला क्रम त्याहून निराळा आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक भाषिक विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जाते अशी तक्रार येते, मग मंडळी सात जणांना निवडते आणि त्यांच्यावर हात ठेवले जातात : आधी गरज, मग निवड, मग दानाला मान्यता. बेलींनी अंबाल्यात आणि ब्राउन यांनी लुधियान्यात हाच क्रम पाळला. गरजेसमोर उभे राहिल्यावर त्यांना आपल्याजवळ काय आहे हे उमगले.

हा क्रम चंदीगडमध्ये लावून पाहायचा झाला तर १९६२ मध्ये स्थापन झालेली पीजीआय ही वैद्यकीय संस्था पुरेशी आहे. पंजाब, हरियाणा, हिमाचल आणि जम्मू-काश्मीरमधून रुग्ण तेथे येतात; नातेवाईक आवारात व पदपथावर पथाऱ्या टाकून राहतात, आणि बाहेर लंगर लावणाऱ्यांनी त्यांच्या जेवणाचा भार पुष्कळसा उचललेला आहे. शीख परंपरेतली ही सेवा ख्रिस्ती मंडळ्यांनी कौतुकाने पाहावी आणि तिच्यापासून शिकावे, स्पर्धा करू नये. जेथे अजून माणूस कमी पडतो ती कामे बारीक आहेत : नोंदणीच्या रांगेत म्हाताऱ्या आईच्या जागी उभे राहणे, कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा ते सांगणे, रक्तदाता शोधणे, डॉक्टरांनी घाईत सांगितलेले पथ्य पहाडी किंवा डोगरी बोलणाऱ्या कुटुंबाला त्यांच्या भाषेत समजावणे, शस्त्रक्रियेच्या रात्री सोबत बसणे. ज्याला अन्य भाषांचे दान हवे असे वाटते त्याने डोगरी शिकण्यापासून आरंभ करावा, हे म्हणणे करिंथच्या पत्राच्या आशयाशी पूर्ण सुसंगत आहे, कारण समजेल असे पाच शब्द न समजणाऱ्या दहा हजारांपेक्षा बरे, असे पौलाचे मत आहे. अशा कामाला पाळी लावणारा, पैशांची नोंद ठेवणारा, कोणी आले नाही तर दुसऱ्याला फोन करणारा माणूस लागतो. त्याला व्यासपीठावर कोणी बोलावत नाही, पण त्याच्याशिवाय ही सेवा दोन आठवड्यांत बंद पडते.

सेवेच्या या मार्गावर एक गंभीर अडचण मात्र आहे. हिमाचल प्रदेशात २०१९ चा आणि हरियाणात २०२२ चा धर्मांतरविरोधी कायदा आहे, आणि आमिषाचा आरोप कोणत्याही मदतीवर होऊ शकतो. यामुळे काही मंडळ्यांनी बाहेरच्यांची सेवाच थांबवली आहे, तर काहींनी प्रार्थनेचा उच्चारही टाळायचे ठरवले आहे. पहिला मार्ग भित्रा आहे आणि दुसरा पूर्ण प्रामाणिक नाही; मदतीला अट न जोडणे, विचारल्यावर आपला विश्वास न लपवणे आणि आजारी माणसाच्या असहायतेचा फायदा न घेणे, या तीन गोष्टी एकत्र पाळणे अवघड असले तरी शक्य आहे, आणि बेलींनी कुष्ठरोग्यांसाठी ते केले होते.

या सर्व उदाहरणांत आणखी एक समान गोष्ट आहे. दित्त, बेली, एडिथ ब्राउन आणि रमाबाई यांपैकी कोणीही दीक्षित पाळक नव्हते. सुंदरसिंगांनी उपदेशकाचा परवाना काही काळ बाळगून परत केला. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आज स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते आणि कॅथलिक धर्मसभेत मिळत नाही, हा भेद खरा आहे, परंतु दानांची वाटणी या पदांच्या रेषेवरून होत नाही हे दोन्हीकडच्या इतिहासाने दाखवले आहे. चंदीगडच्या मंडळ्यांत परिचारिका, शिक्षिका, सफाई कामगार, सरकारी कारकून आणि निवृत्त लष्करी माणसे आहेत. त्यांतील परिचारिकेला रविवारी फुले लावण्यापलीकडे काही काम दिले जात नसेल, आणि कारकुनाला सरकारी अर्ज भरता येतात हे शेजारच्या वसाहतीतल्या विधवेला कळलेच नसेल, तर त्या मंडळीला नव्या दानांसाठी प्रार्थना करण्याआधी आलेल्या दानांची नोंदवही उघडावी लागेल.